दोन्ही इन्सुलिनं पाण्यासारखी, मग एकाच सिरिंजमध्ये का नाही?

मिरजेची सून
सासूबाईंना आता जेवणाआधी अस्पार्ट (झटपट काम करणारं इन्सुलिन) आणि रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं) सुरू झालंय. रात्री दोन सुया एकदम, त्यामुळे रोज कुरकुर. "पूर्वी साधं आणि गढूळ एकाच सिरिंजमध्ये ओढायचो की!" इथे तर दोन्ही स्वच्छ दिसतात. मग काय हरकत?

निवृत्त मास्तर
अजिबात करू नका. ग्लार्जिन स्वच्छ दिसतं ते आम्लात विरघळवलंय म्हणून. बाटलीतला पीएच (आम्लतेचं माप, ७च्या खाली म्हणजे आम्ल) साधारण ४. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, 'ए' २१ अमिनो आम्लांची, 'बी' ३०ची. ग्लार्जिनमध्ये 'बी'च्या शेपटाला आर्जिनिन नावाची दोन अमिनो आम्लं जोडली. त्यामुळे रेणू आम्लात विरघळतो, पण कातडीखाली पीएच ७.४ भेटला की साका धरतो आणि दिवसभर थोडा थोडा सुटत राहतो. 'ए'मधलं २१वं अ‍ॅस्पराजिन आम्लात टिकत नाही, म्हणून तिथे ग्लायसिन. औषधाचा मुद्दाम साका करायचा, ही अक्कल मला वर्गात शिकवतानाही भारी वाटायची.

अस्पार्टचं नेमकं उलट. इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती घोळका करून बसतात. सुटे झाल्याशिवाय रक्तात नीट शिरत नाहीत. म्हणून साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. 'बी'च्या २८व्या जागी प्रोलिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसवलं की घोळका पटकन फुटतो.

दोन्ही मिसळलीत तर पीएच बिघडून साका सिरिंजमध्येच. मग कुठलं किती वेगानं चढेल, सांगता येणार नाही.

शंकेखोर
मास्तर, ३०/७०च्या तयार मिश्रणाच्या पेनमध्ये झटपट आणि संथ दोन्ही एकत्रच असतात ना?

निवृत्त मास्तर
तिथे दोन्ही भाग अस्पार्टच. ३० टक्के विरघळलेलं, ७० टक्के प्रोटामिन नावाच्या प्रथिनाबरोबर स्फटिक झालेलं, आणि पीएच ७च्या आसपास, त्यामुळे भांडण नाही. म्हणून ते पांढरट, घोळवून घ्यायचं. सासूबाईंच्या जुन्या गढूळ इन्सुलिनमध्येही प्रोटामिनच होतं. ते मूळचं माशाच्या शुक्राणूंतलं. घरी कुणी माळकरी असेल तर बोलू नका.

मिरजेची सून
त्या माळकरीच आहेत हो! गप्प बसते. ग्लार्जिन सकाळी घेतलं तर चालेल का?

निवृत्त मास्तर
रोज वेळ एकच हवी, सकाळ असो की रात्र. पण बदलताना मधल्या दिवशी डोस कसा घ्यायचा, ते डॉक्टरांनाच विचारा.