सरकारी भांडारात 'जस्ट इन टाइम' बसतं का?

कोपरीकर: ठाण्यातल्या सरकारी कार्यालयाचं भांडार आहे. ए-४ कागद महिन्याला १२० रिम लागतो. वर्षाचा माल मार्चअखेर एकदम उतरतो, पावसाळ्यात खालची थप्पी ओल धरते आणि प्रिंटरमध्ये कागद अडकतो. वरून 'जस्ट इन टाइम' करा, म्हणजे साठा न करता लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल घ्या, असा आग्रह आहे. दर महिन्याला तीन दरपत्रकं मागवून घेतलं तर चालेल?

लेखावाला_बेलापूर: अजिबात नको. हे खरेदीचे तुकडे पाडणं झालं, लेखापरीक्षणात पहिला परिच्छेद, म्हणजे आक्षेप, ह्यावरच निघेल. वर्षाचे १४४० रिम एकत्र धरा आणि त्या रकमेला जी पद्धत लागते तीच वापरा. पण निविदा एक म्हणून माल एकदम घ्यावा लागतो, असं कुठे आहे? वर्षाचा दरकरार करा, म्हणजे दर वर्षभरासाठी बांधून घ्या, आणि पुरवठा टप्प्याटप्प्याने, हे निविदेच्या अटीतच लिहा: एका वेळी किमान १२० रिम, आदेशापासून १५ कामाच्या दिवसांत, उशिराला दंड किती तेही. किमान आकडा दिला नाही तर २० रिमसाठी तुर्भ्याहून टेम्पो कोण पाठवणार? मग तो धोका दरातच चढतो.

साठा_नोंदवही: आदेश कधी काढायचा, हे गणिताने ठरवा. महिन्याचे २४ कामाचे दिवस धरले तर रोजचा खप ५ रिम. पुरवठ्याचे १५ दिवस, तपासणी-नोंदीचे ३. शिवाय आदेशाची नस्ती (फाइल) टेबलाटेबलावर फिरते ते ७ दिवस बहुतेक जण विसरतात आणि तिथेच साठा संपतो. २५ × ५ = १२५, वर दहा दिवसांची राखीव म्हणून ५०. म्हणजे १७५ रिम उरले की आदेश. थप्पी भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळ्यांवर.

लेखावाला_बेलापूर: कागदापेक्षा जास्त पैसा टोनरमध्ये जातो, तेही बघा. प्रिंटर १४,००० चा, टोनर ४,५०० चा आणि एका टोनरमध्ये पानं १,५००, तर पानाला ३ रुपये. दुसरा २२,००० चा, टोनर ६,००० चा, पानं ६,०००, तर पानाला १ रुपया. महिना २,००० पानं धरली तर तीन वर्षांत पहिला २,३०,००० ला पडतो, दुसरा ९४,००० ला. नुसती यंत्राची किंमत लावली तर पहिलाच न्यूनतम, म्हणजे सर्वांत स्वस्त, ठरतो! तुलना तीन वर्षांच्या एकूण खर्चावर होणार, हे सूत्रासकट निविदेत आधी छापा. लिफाफे उघडल्यावर निकष बदलता येत नाही.

कोपरीकर: आणि मालाचे दोन हप्ते देऊन पुरवठादाराने हात वर केले तर?

साठा_नोंदवही: आधी त्याचं बिल कुठे अडलंय ते बघा, दहांत आठ वेळा गोम तिथेच असते. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. म्हणून प्रत्येक हप्त्याचं बिल वेगळं घ्या. माल तपासला त्याच दिवशी साठा नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक बिलावर टाका. बिल बहुधा ह्या एका नोंदीसाठीच परत येतं.