डोळे पुसत वाचलेली पुस्तके : आपले अनुभव लिहावेत

केतकीबन
माझी बारा वर्षांची भाची सुट्टीसाठी आमच्याकडे आली आहे. परवा तिने कॅथरीन पॅटर्सन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही कादंबरी एका बैठकीत संपवली आणि ती जेवायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मुलांच्या हातात असली पुस्तके देते तरी कोण, असे विचारत माझ्या आईने माझ्याकडे पाहिले, कारण पुस्तक मीच दिले होते. भाची मात्र वरणभात कालवता कालवता म्हणाली, “मावशी, असंच आणखी एक आहे का?”

त्या प्रश्नाने मला आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली ‘पाडस’ची प्रत आठवली. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मी साधारण तिच्याच वयात वाचला. फ्लोरिडाच्या झुडपी रानातला ज्योडी, सापाने डसलेला त्याचा बाप, विष ओढून घेण्यासाठी त्याने मारलेली हरिणी आणि तिच्यामागे उरलेले पाडस हे सारे मला आमच्या शिवारातच घडत असल्यासारखे वाटत होते. तोवर मी वाचलेल्या गोष्टींत दुष्ट माणूस असे आणि शेवटी त्याची फजिती होई. इथे दुष्ट कोणीच नव्हते. पाडस मक्याचे पीक खाऊन टाकते, पीक गेले तर घर उपाशी राहणार असते, आई म्हणते तेही खरे असते आणि तरीही जे घडते ते सहन होत नाही. पुस्तक परत करताना ग्रंथपालांनी “आवडलं का?” असे विचारले, तेव्हा मला उत्तरच देता आले नाही आणि तेच पुस्तक मी पुन्हा माझ्या नावावर लिहून घेतले.

साहसकथा आणि रहस्यकथांविषयी आपण पूर्वी भरपूर बोललो आहोत. इथे नऊ ते तेरा या वयात आतून हलवून गेलेल्या, किंवा सध्या आपल्या घरातल्या मुलांना हलवत असलेल्या कादंबऱ्यांविषयी लिहावे. नुसती यादी नको, काय झाले ते सांगावे.

शेवंती
मी ज्योसाठी रडले. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’त ज्यो वडिलांच्या आजारपणासाठी आपले केस विकून येते, ते वाचल्यावर मी आरशासमोर उभी राहून माझी वेणी हातात धरून पाहिली होती. ती विकली तर किती पैसे येतील, असे आईला विचारले, तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, हे पाहिले. पुढे लेकीमुळे मूळ इंग्रजी पुस्तक वाचले आणि कळले की त्याचे दोन भाग 1868 आणि 1869 असे वेगवेगळे प्रसिद्ध झाले होते. पहिल्या भागात बेथ आजारातून वाचते आणि दुसऱ्यात जाते. पहिला भाग वाचून निश्चिंत झालेल्या तेव्हाच्या मुलींचे पुढच्या वर्षी काय झाले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली आहे, बाकीचे नंतर लिहिते.

बांधावरचा
‘पाडस’चा शेवट निम्मा सांगून टाकल्याबद्दल केतकीताईंचा निषेध नोंदवतो. माझ्या कपाटात ते पुस्तक कित्येक वर्षे न वाचता पडून आहे.

केतकीबन
बांधावरचे दादा, इतकी वर्षे न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट कळल्याची तक्रार ग्राह्य धरता येणार नाही.

फळा आणि खडू
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. आमच्या वर्गातल्या पेटीत पुस्तके थोडी आहेत, त्यामुळे कोणते पुस्तक मनापासून वाचले जाते हे त्याच्या कडा पाहूनच समजते. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिची मांडणी एकेका रात्रीची आहे, हे आपण सारे जाणतो. परंतु ही मांडणी वर्गात किती उपयोगी पडते, हे मला शिक्षक झाल्यावरच उमगले. शेवटच्या तासाला एक रात्र वाचून थांबलो की मुले पुढची रात्र घरी वाचण्यासाठी पुस्तकावर नंबर लावतात. श्यामची आई आजारी पडते त्या भागाला आलो की मागच्या बाकांवरच्या मुलांना एकाएकी पाणी प्यायला जायचे असते. मी सगळ्यांना परवानगी देतो. ती हौदावर तोंड धुऊन येतात आणि कोणीही कोणाला चिडवत नाही. एरवी हीच मुले शाईच्या डागावरूनसुद्धा एकमेकांना आठवडाभर चिडवतात.

नवी पुस्तके मिळणे अवघड असते. ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत, त्यांतल्या कथा मी मोबाइलवरून वाचून दाखवतो. मात्र मोबाइल उशीखाली ठेवून झोपता येत नाही, अशी एका मुलीची तक्रार आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे.

पाऊसवेडा, सिएटल
आमच्या घरी गेले वर्षभर गोरिलाचे राज्य आहे. कॅथरीन ॲपलगेट यांच्या ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’ या कादंबरीला 2013 चे न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळाले. तिचा निवेदक मॉलमध्ये पिंजऱ्यात ठेवलेला गोरिला आहे. वाक्ये इतकी छोटी आहेत की माझ्या दहा वर्षांच्या मुलीने ती भराभर वाचली आणि मग अचानक थांबून विचारले, “बाबा, हा खरा होता?” तो खरा होता, आणि तोही आमच्यापासून फार लांब नव्हता. टकोमा येथील एका मॉलमध्ये आयव्हन 27 वर्षे राहिला आणि 1994 मध्ये त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही कुठे गेलो असू, हे सांगायला नको. तिथल्या वाहनतळावर उभी राहून तिने मला, आपण त्या वेळी इथे असतो तर काय केले असते, असे विचारले. मी त्या काळात सोलापुरात क्रिकेट खेळत होतो, हे उत्तर तिला अजिबात पुरेसे वाटले नाही.

तिची आजी आता तिला दूरध्वनीवरून प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ वाचून दाखवते. कादंबरी नव्हे, कथासंग्रह आहे, परंतु सगळ्या कथांचा नायक लंपन हा एकच मुलगा असल्यामुळे मुलीच्या दृष्टीने ती कादंबरीच आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, आणि ऐकणारी नात आजीपासून समुद्रापार. त्यामुळे दोन्हीकडे मध्येच कोणीतरी घसा खाकरते.

त्रिकोणी चौकट
थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल आगाऊ क्षमस्व. रडवणारे पुस्तक म्हणजे चांगले पुस्तक, असा समज या चर्चेत हळूहळू घट्ट होत चालला आहे. माझा अकरा वर्षांचा मुलगा भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेवर जीव टाकतो, सायकल घेऊन सोसायटीभर ‘ट्टॉक’ करत हिंडतो आणि सुखी आहे. त्याच्या इंग्रजी शाळेत दर महिन्याला एक गंभीर कादंबरी वाचावी लागते. त्याने आता स्वतःची पद्धत शोधली आहे: मुखपृष्ठावर कुत्रा दिसला की तो आधी शेवटचे प्रकरण उघडतो, कुत्रा जिवंत असल्याची खात्री करून घेतो आणि मगच पहिल्या पानाकडे वळतो. पुरस्काराची गोल सोनेरी मुद्रा मुखपृष्ठावर असेल, तर तो ही तपासणी दोनदा करतो.

केतकीबन
त्रिकोणी चौकट, आपला मुद्दा योग्य आहे आणि चिरंजीवांच्या पद्धतीला माझा नमस्कार. परंतु माझे म्हणणे रडण्यापेक्षा वेगळे आहे. काही लेखक कुत्रा मारतात, कारण त्यांना वाचकाच्या डोळ्यांत पाणी हवे असते, आणि मुलांना हा डाव मोठ्यांच्या आधी कळतो. पॅटर्सन यांच्या मुलाची, डेव्हिडची, मैत्रीण लहानपणीच वीज पडून गेली होती आणि त्या दुःखातून 1977 ची ती कादंबरी आली. पुढे 2007 च्या चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्यांत तोच डेव्हिड होता. माझ्या भाचीला यातले काहीही ठाऊक नव्हते, तरी “हे खोटं खोटं दुःख नाही” असे ती म्हणाली. आपल्या मुलानेही एखाद्या पुस्तकात शेवट न तपासता मजल मारली, तर अवश्य कळवावे.

पुस्तकांची बाई
उपनगरातल्या एका वर्गणीच्या वाचनालयात मी बालविभाग सांभाळते. मुले कादंबरीचे नाव सांगत नाहीत, लक्षण सांगतात. “मैत्रीण शाळा सोडून जाते तसलं”, “आजोबा विसरायला लागतात तसलं”, “भाऊ-बहीण बोलत नाहीत तसलं”. त्या लक्षणावरून पुस्तक काढून द्यावे लागते आणि मला हे काम अतिशय आवडते.

माझी अडचण अशी की, मराठीत या वयासाठी चित्रांच्या गोष्टी आता उत्तम मिळतात, माधुरी पुरंदरे यांची पुस्तके तर माझ्याकडे कधी जागेवर नसतातच. मोठ्यांच्या कादंबऱ्यांनी भिंती भरलेल्या आहेत. या दोहोंच्या मधला कप्पा विरळ आहे. म्हणून आपल्यापैकी अनेकांनी बाराव्या वर्षी थेट ‘मृत्युंजय’ उचलली आणि कर्णासाठी अश्रू ढाळले, कारण आपल्यासारख्याच एखाद्या मुलासाठी ढाळावेत अशी पुस्तके हाताशी फार नव्हती. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला 2022 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा मी ती मुद्दाम समोरच्या टेबलावर ठेवली. पियूसारखी वही आपणही लिहायला घेतली, असे सांगणाऱ्या दोन मैत्रिणी नंतर वाचनालयात आल्या. वही दाखवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

शेवंती
भाजी फोडणीला टाकून परत आले आहे. बाई, “आजोबा विसरायला लागतात तसलं” कोणी मागितले होते आणि आपण काय दिले, ते लिहा ना. आमच्याकडे सध्या तेच चालू आहे आणि लेक काही बोलत नाही.

पुस्तकांची बाई
शेवंतीताई, त्या मुलाला मी त्या दिवशी काहीच देऊ शकले नाही. आपल्याला वेगळा निरोप पाठवते, इथे घाईने नावे देत नाही.

तनयाची आई (लिहिणारी तनया)
आईची परवानगी घेऊन तिच्या खात्यावरून लिहीत आहे. मी सातवीत आहे. मला आर. जे. पलासियो यांची ‘वंडर’ सर्वांत जास्त आवडते. ती ज्याचा चेहरा जन्मापासून वेगळा आहे अशा ऑगस्ट नावाच्या मुलाची गोष्ट आहे, पण सगळे पुस्तक तो एकटा सांगत नाही. मध्ये त्याची बहीण व्हिया सांगू लागते आणि तो माझा सर्वांत आवडता भाग आहे. तिचे त्याच्यावर खूप प्रेम आहे, पण घरात सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि तिला कोणी फार विचारत नाही, आणि याबद्दल तिला राग येतो आणि राग आल्याचे वाईटही वाटते. माझ्या लहान भावाला दमा आहे. मला वाटत होते की असे फक्त मलाच होते. मी तो भाग इतक्यांदा वाचला आहे की पुस्तक आपोआप तिथेच उघडते.

मोठ्या माणसांना एक विनंती आहे. पुस्तक संपल्यावर लगेच “यातून काय शिकलीस?” असे विचारू नये. थोड्या वेळाने “मलाही वाचायला दे” म्हणावे. माझ्या बाबांनी तसे म्हटले आणि मग रात्री ते स्वयंपाकघरात दिवा लावून वाचत बसलेले मी पाहिले.

फळा आणि खडू
तनया बाळा, तुझी विनंती मी उद्यापासून वर्गात पाळतो. स्वाध्यायातून तो प्रश्न काढण्याचा अधिकार मला नाही, पण पेटीतल्या पुस्तकांपुरता तो नक्की काढतो.

त्रिकोणी चौकट
मुलाने खांद्यावरून तनयाचा प्रतिसाद वाचला आणि “या पुस्तकात कुत्रा आहे का?” असे विचारले. कृपया कळवावे.

तनयाची आई (लिहिणारी तनया)
आहे. डेझी नावाची आहे. पुढचे सांगणार नाही, त्याला शेवटचे प्रकरण बघू दे, पण तिथे त्याला काही सापडणार नाही.

पाऊसवेडा, सिएटल
हे उत्तर वाचून इथे पहाटे साडेपाचला मोठ्याने हसलो आणि घर जागे केले.

तनयाची आई
आता मी स्वतः लिहीत आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन भिलारला जावे, असा विचार आहे. 2017 पासून ते पुस्तकांचे गाव झाले, एवढेच माहीत आहे. तिथे मुलांसाठी वेगळी जागा आहे का?

बांधावरचा
आहे, वहिनी. घराघरांत विषयवार पुस्तके ठेवली आहेत, त्यांत बालसाहित्याचेही घर आहे. मुलांनी आत शिरून हवे ते पुस्तक काढावे आणि ओसरीवर वाचत बसावे, कोणी हटकत नाही. मात्र मे महिन्यात पाचगणीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा, आणि स्ट्रॉबेरीच्या आशेने जाणार असाल तर तिचा हंगाम तोवर सरत आलेला असतो.