'डिटेल्स' शेरा मिळालेल्या नाण्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. श्रेणीनिश्चितीसाठी, म्हणजे अवस्था तपासून दर्जा ठरवण्यासाठी, कंपनीकडे पाठवलेल्या माझ्या काही जुन्या चांदीच्या नाण्यांना 1 ते 70 या शेल्डन मापनावरील अंक न मिळता केवळ 'डिटेल्स' (नाणे अस्सल, पण दोषामुळे अंक नाही) हा शेरा मिळाला आहे. काहींवर पूर्वी कोणीतरी घासून साफ केल्याच्या बारीक रेषा आहेत, एकाच्या कडेला दागिन्यासाठी कडी जोडल्याची खूण आहे, आणि एकावर पीव्हीसीयुक्त पाकिटात राहिल्याने हिरवट, चिकट थर बसला आहे.

घासल्याच्या रेषा आणि कडीची खूण जाणार नाहीत, हे मला मान्य आहे. पीव्हीसीचा थर मात्र शुद्ध ॲसिटोनने विरघळतो आणि चांदीला त्यामुळे अपाय होत नाही, तेव्हा त्याखालचा पृष्ठभाग खराब झाला नसेल तर ते नाणे साफ करून पुन्हा पाठवणे योग्य ठरेल का, की हे काम व्यावसायिक संवर्धकाकडेच सोपवावे?

उरलेली नाणी त्या कंपनीच्या सीलबंद डबीतच ठेवावीत, कारण त्यामुळे निदान अस्सलपणाची खात्री राहते (दुर्मीळ नाण्यासाठी ती मला फार मोलाची वाटते), की डबी फोडून संग्रहाच्या अल्बममध्ये लावावीत? विकायची झाल्यास दोष खरेदीदाराला स्पष्ट सांगूनच विकेन. अशा वेळी किंमत कशाच्या आधारे ठरवावी, हे अनुभवी संग्राहकांनी कृपया सांगावे.