साहेब नव्हे, गाणंवाले काका

पोलीस खात्यातल्या आमच्या साहेबांच्या आठवणींत कुणीतरी लिहिलंय की ते ड्युटीवर फार कडक होते, ते खरंच आहे, पण आमच्या कॉलनीत ते रिटायर होऊनच आले आणि आमच्यासाठी ते गाणंवाले काकाच. संध्याकाळी तानपुरा घेऊन बसायचे, तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे केसभर मागे सरकवत, जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, मनासारखी लागेपर्यंत अर्धा तास गेला तरी चालेल, तोवर कोणी बोलायचं नाही. गवई पलुस्कर बाप-लेकांवर तर भारी जीव. विष्णु दिगंबरांनी नाशकात रामनाम आधार आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले आणि १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले, हे सांगताना काकांचा आवाज दरवेळी कापायचा. नाशिककरांनाच हे माहीत नसतं याचा त्यांना मनापासून राग यायचा, आणि मला तो रास्तच वाटतो. नाशकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाटेच्या मैफलीला पुढे खुर्ची दिली तरी मागे साउंडवाल्याजवळ उभे राहून ऐकायचे, बंदोबस्ताची सवय असेल. माझ्या मुलीला पेटी त्यांनीच शिकवली, एक पैसा न घेता, "भाता हळू, सुराला घाई नको" म्हणत. काकूंनी त्यांच्या सगळ्या कॅसेट जपून ठेवल्यात, कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर असेल तर प्लीज कळवा, बुरशी लागायच्या आत कॉपी करून घ्यायच्यात.