प्रतिसाद: आकडे घटले ते भीतीमुळेच का?

२०२० साली अमेरिकेत वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या त्या रुग्णांना वाटणाऱ्या कोविडच्या भीतीमुळे, असे एक म्हणणे आहे; ते अपुरे वाटते. भीती होतीच, परंतु मार्च २०२० मध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे सरकारी आवाहन झाले आणि स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्नाचा मार्ग वळवणे) या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांची गणना त्याच यादीत झाली. तेथील बॅरिअॅट्रिक (म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) शल्यविशारदांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २ लाख ५६ हजार असलेली संख्या २०२० मध्ये २ लाखांच्या खाली आली, पण २०२१ मध्येच ती २ लाख ६२ हजारांच्या पुढे गेली. निव्वळ भीतीने थांबलेले लोक इतक्या लवकर परततील, हे मला तरी पटत नाही. शिवाय लठ्ठपणामुळे कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर, ज्यांना या शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज होती त्यांनाच थांबावे लागले, हा विरोधाभास चर्चेत मांडायचा राहून गेला आहे.

अमेरिकेत लठ्ठपणा कुठे जास्त आणि शस्त्रक्रिया कुठे जास्त, यातली प्रादेशिक तफावत मात्र साथीच्या आधीपासूनची आहे. लठ्ठपणाचे प्रमाण मिसिसिपी, वेस्ट व्हर्जिनिया अशा राज्यांत सर्वाधिक, तर लोकसंख्येच्या मानाने शस्त्रक्रिया ईशान्येकडील राज्यांत जास्त. विमा योजनेत हा खर्च बसतो की नाही आणि जवळ केंद्र आहे की नाही, यावर बरेच काही ठरते. (आपल्याकडेही विमा नियामकाने २०१९ मध्ये या शस्त्रक्रियांसाठी निकष ठरवून दिल्यानंतरच दावे काहीसे सुकर झाले.)