जर्मनीतली बारा वर्षं: पीएचडीला पगार मिळतो, मग पुढे दार बंद का?

दुलई
मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीतल्या एका विद्यापीठात जीवशास्त्रात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर काम करणारी संशोधक. गेल्या आठवड्यात लॅबचा नमुने साठवायचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर साफ करायची पाळी माझ्यावर आली. एकेक पेटी बाहेर काढत गेले. प्रत्येकीवर मार्करने नाव. सव्वीस पेट्या, त्यातल्या एकोणीस पेट्यांचे मालक केव्हाच निघून गेलेले. कुणी औषध कंपनीत, कुणी शाळेत शिकवतंय, एकजण ट्राम चालवतो (थट्टा नाही). कुठल्या पेटीत काय आहे हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरलीय, आमची टेक्निशियन. कारण प्रोफेसर सोडले तर कायम नोकरी फक्त तिला आहे.

याच्या मुळाशी २००७ चा एक कायदा आहे. त्याचं जर्मन नाव उच्चारेपर्यंत एक करार संपतो, म्हणून ते राहू दे. पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं (वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ) विद्यापीठ तुम्हाला मुदतीच्या करारावर ठेवू शकतं. मूल असेल तर दर मुलामागे दोन वर्षं वाढवता येतात. पुढे कायम करा, नाहीतर निरोप द्या. हेतू म्हणे आमचं संरक्षण! कायम कुणी करतच नाही, त्यामुळे निरोपच मिळतो. माझं म्हणणं सरळ आहे: कायम जागा सक्तीच्या करा, नाहीतर ही मुदत काढून टाका.

तासिकावाला
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे वाचून मला हसू आलं. मी नेट पास, पीएचडी झालेला, गेली नऊ वर्षं मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, सगळं कोरडं. मे महिन्यात मी काकांच्या खताच्या दुकानात बसतो. तुम्हाला बारा वर्षं महिन्याच्या महिन्याला पगार, आरोग्य विमा, पेन्शनचा हप्ता, वर्षाला तीस दिवस रजा. आम्हाला बाहेर काढायचा कायदा नाही, कारण आम्ही आत कधी होतोच कुठे?

दुलई
@तासिकावाला, हसलात ते बरोबरच आहे. पण 'तिथे त्याहून वाईट आहे' हे उत्तर इथले कुलगुरूही देतात.

मेणबत्ती
मी याच व्यवस्थेतून बाहेर पडलेली, आता म्युनिकला कंपनीत. मला हा कायदा आवडतो, दगड मारा. मुदत नसती तर मी पन्नाशीपर्यंत 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकत बसले असते. चौतिसाव्या वर्षी कुणीतरी स्पष्ट नाही म्हटलं, मी नोकरी शोधली. आणि सगळ्यांना कायम केलं तर नवीन मुलांना जागा कुठून? आज विशीत असलेल्यांचाही विचार करा की.

पाटाचं_पाणी
@मेणबत्ती, नेमकं हेच वाक्य शिक्षण मंत्रालयाच्या व्हिडिओत होतं. त्यात 'हाना' नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती, आणि एकाच पिढीने व्यवस्था तुंबवू नये म्हणून मुदत हवी असं तिच्या गोष्टीतून समजावलं होतं. २०२१ च्या जूनमध्ये लोकांना तो सापडला आणि 'मीच हाना' म्हणत हजारोंनी आपापल्या करारांची यादी ट्विटरवर टाकली. कुणाचे आठ करार, कुणाचे सतरा. मंत्रालयाने व्हिडिओ काढून टाकला. मोरीत अडकलेला केस समजता का आम्हाला?

आकडा बघा: विद्यापीठांतल्या ४५ वर्षांखालच्या, प्रोफेसर नसलेल्या संशोधकांपैकी ९२ टक्के मुदतीच्या करारावर आहेत. हा आकडा सरकारच्याच २०२१ च्या अहवालातला.

मेणबत्ती
तुंबवणं हा शब्द वाईट होता, मान्य. गणित चुकीचं नव्हतं.

लिऑनची_वाट
गणित चुकीचंच आहे. फ्रान्समध्ये सीएनआरएस या सरकारी संशोधन संस्थेची स्पर्धा परीक्षा पार केली की तिशीतला माणूस कायम संशोधक होतो, प्रोफेसर न होता. जागा कमी, स्पर्धा भयंकर, पगार जर्मनांपेक्षा कमी. पण मधली पायरी आहे. जर्मनीत प्रोफेसर व्हा नाहीतर चालते व्हा. त्यात आपल्याच विद्यापीठात प्रोफेसर होणं जवळजवळ अशक्य, बाहेरून बोलावणं यावं लागतं. म्हणजे पस्तिशीनंतर बायकोमुलांना घेऊन शहर बदला.

दुलई
आणि एक पळवाट राहिलीच. बारा वर्षं संपली तरी बाहेरून आलेल्या प्रकल्पाच्या पैशावर मुदतीचे करार चालूच ठेवता येतात. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पंचेचाळीसचे आहेत. प्रकल्प संपत आला की ते घरातल्या कुंड्या वाटायला सुरुवात करतात. दोनदा वाटून परत मागून घेतल्यात.

परदेशी माणसाचं आणखी वेगळंच. माझा मागचा करार सात महिन्यांचा होता, म्हणून राहण्याचा परवानाही तेवढाच. परवाना कमी दिवसांचा म्हणून घरमालक घर देईना. बाकी सहकारी म्हणत होते, अगं, होते मुदतवाढ शेवटच्या आठवड्यात. त्यांचं भागतं, कारण त्यांना देश सोडायला लागत नाही.

जुनी_वही
मला यात सगळ्यात खटकतं ते वेगळंच. जर्मनीत गाइडला 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा बाप. पगार देणारा तो, बऱ्याचदा थिसिसला गुण देणाराही तोच, पुढच्या नोकरीचं पत्रही त्याचंच. अशात त्याला 'सर, तुमचं चुकतंय' कोण म्हणेल? इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएचडी करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, असं त्या गाइडचं मत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, संबंध दिसला नाही, तसंच लिहिलं. तरी पदवी मिळाली.

तासिकावाला
इरावतीबाईंना तिथे राहायचं नव्हतं. परत येऊन एसएनडीटीत रजिस्ट्रार झाल्या, मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज. घर पुण्यात, सासरे महर्षी कर्वे. पाठीशी एवढं असलं की गाइडसमोर मोजमाप खरं सांगता येतं. दुलईताईंचा परवाना कुणाच्या करारावर टिकून आहे ते बघा. (बघा, मी तुमच्या बाजूने बोलायला लागलो.)

मेणबत्ती
मग कायद्यात दुरुस्ती करा म्हणा, रद्द कशाला? २०१६ मध्ये केलीच होती, कराराची मुदत कामाला साजेशी हवी म्हणून.

पाटाचं_पाणी
'साजेशी' म्हणजे किती, ते प्रोफेसर ठरवणार! आणि पुढची दुरुस्ती कशी झाली तेही सांगा की. मार्च २०२३ मध्ये मंत्रालय म्हणालं, पीएचडीनंतर सहाऐवजी तीनच वर्षं. इतका आरडाओरडा झाला की दोन दिवसांत प्रस्ताव माघारी. मग नवा मसुदा, मग चर्चा, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारच कोसळलं. मसुदा तिथेच राहिला.

साखरगाठी
मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या भाच्याला ६५ टक्के पगाराची पीएचडीची ऑफर आलीय. ६५ टक्के म्हणजे काम पण तेवढंच का?

मेणबत्ती
नाही हो मावशी. काम शंभर टक्के, वर शनिवार. तरी घ्यायला सांगा. एकट्याचं भागतं, दोन पैसे उरतात.

दुलई
घ्यायला सांगा, मीपण तेच म्हणेन. फक्त पहिला करार किती महिन्यांचा आहे ते सही करण्याआधी विचारू दे. तीन वर्षांच्या कामाला एक वर्षाचा करार देत असतील तर ईमेलवर 'वाढवून देऊ' असं लिहून घ्यायचं. आणि त्या गाइडकडून आधी गेलेल्या दोघांना फोन करायचा. त्यांची नावं वेबसाइटवर नसली तर फ्रीझरमधल्या पेट्यांवर असतात.

तासिकावाला
भाच्याला म्हणावं, पेटीवर नाव पेन्सिलीने लिही.

दुलई
@तासिकावाला, उणे ऐंशीला पेन्सिल चांगली टिकते, मार्करची शाई कधीकधी उडून जाते. ते एक बरं सांगितलंत.