टायरात अडकून हत्तीचं पिल्लू मेलं, हे कसं काय?

कृष्णाकाठचा (सांगलीवाडी):
पोरगा सहावीत आहे, शाळेत प्राण्यांवर प्रोजेक्ट दिलाय. त्यानं नेटवर शोधून मेलबर्न झूमधल्या सनूक नावाच्या हत्तीच्या पिल्लाची बातमी काढली. २०१३ च्या जानेवारीत जन्मलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेलं, म्हणजे अकरा महिन्यांचं. आजारबिजार काय नाही, खेळायला टांगलेल्या टायरात रात्री मान अडकली. सनूक म्हणजे थाई भाषेत मजा, हे वाचल्यावर पोरगं गप्पच झालं. आता विचारतंय, पप्पा हत्ती झाड पाडतो मग टायरातनं मान का नाही काढता आली. मी म्हटलं असंल कायतरी, तर म्हणतो "असंल कायतरी असं लिहू का?" सोमवारी द्यायचंय. कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि खरं सांगायचं तर अंगणातल्या आंब्याला मीच याच्यासाठी टायर बांधलाय, त्यामुळं मला पण जरा कसंतरी झालं.

गोठेवाला_विटा:
हत्तीचं मला काय कळत नाही पण गोठ्याचं सांगतो. चार वर्षांमागं माझी आठ महिन्यांची कालवड अशीच गेली. चूक माझीच, दावं जरा लांब सोडलं होतं, तिनं गव्हाणीच्या पायपाखालनं मान घातली असणार आणि दाव्याला पीळ बसला. पहाटे धार काढायला गेलो तर संपलेलं होतं सगळं. मला एकट्याला ओढली जायची नाही एवढी ताकद तिला, पण जनावर घाबरलं की मागंच ओढतं हो, आणि जेवढं ओढंल तेवढा फास आवळतो. त्यात खाली ओला कोबा, पाय घसरले की सगळं वजन मानंवर. दोन पावलं पुढं आली असती तर दावं ढिलं पडलं असतं. हे आपल्याला कळतं, तिला कोण सांगणार. रात्री झोपलोय म्हटल्यावर आवाज पण आला नाही, आणि गळा आवळला की आवाज तरी कुठनं यायचा. तेव्हापासनं सगळ्या दाव्यांना भवरकडी बसवली, पीळ बसत नाही. तुमच्या पोराला हेच लिहायला सांगा, ताकद असून उपयोग नाही, ती उलट्या बाजूला लागते.

जनावरांची_डॉक्टर (मिरज):
गोठेवाल्यांनी बरोबर सांगितलं. थोडं जोडते. झाड पाडतो तो मोठा हत्ती, हे तर दूध पिणारं लेकरू. हत्तीण जवळपास २२ महिने गाभण असते, पिल्लू जन्मतः शंभरेक किलोचं असतं आणि दोन-अडीच वर्षं दूध पितं. वजन बघून आपण त्याला मोठं समजतो, अक्कल मात्र रांगत्या पोराची. शिवाय हत्तीची मान आखूड, गाईसारखी वळवून बघता येत नाही, म्हणून तर सगळी कामं सोंड करते. सोंड मोकळी असली तरी गळ्यातली श्वासनळी दाबली तर काय उपयोग.
आता टायर टांगलाच कशाला म्हणाल तर त्याचंही कारण आहे. बांधलेला, रिकामा हत्ती जागच्या जागी डुलत राहतो. देवळाबाहेर आपण लहानपणी "हत्ती नाचतोय" म्हणून टाळ्या वाजवायचो ना, तो बऱ्याचदा कंटाळा असतो. म्हणून झूवाले टायर, ओंडके, उंचावर टांगलेला चारा असं देतात. हेतू चांगलाच होता. एरवी पाळीव आशियाई हत्तींच्या पिल्लांना सगळ्यात जास्त धोका हर्पिसच्या एका व्हायरसचा असतो, त्यात एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. त्यामुळं सगळं लक्ष रक्त तपासण्याकडं, आणि टायराकडं कोण संशयानं बघणार.

जयसिंगपूर_एक्स्प्रेस:
या झूच बंद करा ना. आमच्या नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला २०२५ मध्ये कोर्टानं गुजरातच्या वनतारा प्राणी केंद्रात पाठवलं, अख्खा भाग रस्त्यावर आला, आणि तिकडं परदेशात मेलं तर अपघात म्हणायचं व्वा

गोठेवाला_विटा:
अहो पोराचा प्रोजेक्ट आहे, माधुरीचा धागा वेगळा काढा की. तिथं येतो मी भांडायला 😄

जनावरांची_डॉक्टर (मिरज):
झूबद्दल म्हणाल तर आपल्याकडंही केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच सांगितलंय की प्राणीसंग्रहालयातले हत्ती हलवून मोकळ्या जागी, कॅम्पमध्ये न्या. मेलबर्नवाल्यांनी पण आपला सगळा कळप २०२५ मध्ये शहरातनं वेरिबीच्या मोठ्या जागेत नेला, २१ हेक्टर आहे म्हणे. सनूकची आई नुम-ओई त्याच कळपातली, २००६ ला थायलंडहून आलेली.

कृष्णाकाठचा (सांगलीवाडी):
२१ हेक्टर म्हणजे बावन्न एकर!! आमच्या वाडीत एवढा ऊस एकाचा नाही. सगळ्यांचे आभार, विशेष करून गोठेवाले, तुमची कालवड त्यानं प्रोजेक्टात घेतलीय, नाव काय होतं विचारतोय. आणि आंब्याचा टायर आज उतरवला. उभा टांगला होता, आत त्याचं डोकं बसतंय का बघितलं तर आरामात बसलं, अंगावर काटा आला राव. आता आडवा करून तीन दोरांवर बांधलाय आणि मधलं भोक फळी ठोकून बुजवलं. पोरगं तोंड फुगवून बसलंय, म्हणतं हा झोका नाही, पाळणा झाला.

गोठेवाला_विटा:
चिंगी.